शॅकच्या मेनूत गोवा दिसू दे

संपादक महोदय,

किनाऱ्यावरच्या शॅकसाठी, म्हणजे बांबूच्या तात्पुरत्या खानावळींसाठी, २०२३-२६ चं धोरण आणताना गोवा सरकारने फिश करी राइस सक्तीचा केला तेव्हा बऱ्याच जणांनी टिंगल केली, मला मात्र मनापासून बरं वाटलं होतं. समुद्रासमोर बसून बटर चिकन आणि नूडल्सच खायचे तर माणूस गोव्यात आला काय न आला काय. पण एका पदार्थाच्या सक्तीने भागत नाही हो. मेनूच्या शेवटच्या पानावर एक ओळ टाकली की नियम पाळल्यासारखा होतो, आणि मग सबंध सीझन तीच फ्रोझन इसवणाची (सुरमईची) तुकडी नि तीच करी.

शॅक हा मुळातच सीझनचा धंदा. पाऊस सरला की ऑक्टोबरच्या आसपास बांबू उभे राहतात, मेच्या शेवटी सगळं मोडून ठेवायचं, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद. इतकं सगळं हवामानावर चालतं तर ताटच तेवढं का बदलत नाही? सीझनच्या सुरुवातीला रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यातले, ताजे बांगडे, थंडीत तिसऱ्या नि शिनाण्या (शिंपल्यांतलेच दोन प्रकार), एप्रिलमध्ये कैरी घालून सुंगटांचं (कोळंबीचं) हुमण, म्हणजे नारळाची आमटी, आणि मे महिन्यात जेव्हा घराघरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी चालू असते तेव्हा सुक्या सुंगटांची खोबरं घातलेली किसमूर आणि खारे बांगडे. हे पाहुण्याला कोण वाढणार, शॅकवाल्याने नाही तर?

आणि इतिहास सांगायला वेगळं म्युझियम लागत नाही, तो जेवणातच आहे. मिरची आणि काजू पोर्तुगिजांबरोबर दक्षिण अमेरिकेकडून आले, त्याआधी इथे तिखटाला मिरी होती. वाईन-लसणीत मुरवलेलं डुकराचं मांस ते घेऊन आले, पण इथे द्राक्षाची वाईन कुठली, मग रेंदेराने माडावरून काढलेल्या सुरेचं (माडीचं) व्हिनेगर पडलं, वर आपला मसाला चढला आणि विंदालू झालं. तोच बांगडा हिंदू घरात तिरफळं आणि सोलं (आमसुलं) घालून हुमणात जातो, किरिस्तांव घरात व्हिनेगरात वाटलेला रेशाद मसाला पोटात भरून तव्यावर. काणकोणातल्या खोला गावच्या मिरचीला तर जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, पण किनाऱ्यावर बसलेल्या किती पाहुण्यांना तिचं नाव तरी माहीत असतं?

दुसरं म्हणजे या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या रापणकारांचा हक्क आधीचा. १९७० च्या दशकात ते यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध रस्त्यावर उतरले, १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला त्यामागे तो लढा होता. सुरुवातीचे शॅकही किनाऱ्यावरच्या अशाच कुटुंबांनी उभे केले. आज परवाना एकाच्या नावावर आणि चालवणारा भलताच अशी तक्रार दर सीझनला ऐकू येते, आणि चालवणाऱ्याला किसमूर म्हणजे काय हेच ठाऊक नसेल तर तो पाहुण्याला काय सांगणार.

शॅकवाले म्हणतील पाहुणा पिझ्झाच मागतो. मागू दे, तोही ठेवा, धंदा आहे शेवटी. पण दारात एक फळा लावा, आज कुठला मासा आलाय, कुठल्या किनाऱ्यावरून, कसा केलाय. संपला तर ‘संपला’ असं बिनधास्त लिहा, ताज्या माशाची तीच खूण आहे. शॅकवाटप करताना अनुभवाला महत्त्व देतात तसं स्थानिक रापणकाराकडून मासे घेणाऱ्याला, सेल्फ-हेल्प ग्रुपच्या बायकांकडून मसाले नि सोलं घेणाऱ्याला, पोदेराचा, म्हणजे गावच्या पाववाल्याचा, पाव वाढणाऱ्यालाही थोडं झुकतं माप मिळायला हवं. सक्तीपेक्षा याने जास्त फरक पडेल असं मला वाटतं, कारण मग गोंयकार (गोव्याचं) जेवण ठेवण्यात शॅकवाल्याचाही फायदा असेल.

पुढचं धोरण लिहिताना पर्यटन खात्याने शॅकवाल्यांच्या संघटनांसोबत रापणकार, रेंदेर आणि या बायकांनाही बैठकीला बोलवावं, एवढी विनंती आपल्या पेपरातून त्यांच्यापर्यंत पोचवावी.

आपला,
बार्देशातला एक वाचक