हप्त्याहप्त्यानं हरिभाऊ

नाशिक

प्रिय मंजू,
सप्रेम नमस्कार.

'हरिभाऊ आपट्यांचं मंडळ म्हणजे करता काय गं तुम्ही?' असं परवा तू फोनवर विचारलंस. तेव्हा कुकर लावायची घाई होती, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आम्ही 'पण लक्षात कोण घेतो?' मोठ्यानं वाचतोय. हरिभाऊंनी ती १८९० पासून आपल्या 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः छापली. आम्हीही तशीच थोडी थोडी वाचतो, आणि घरी पुढचं वाचून यायचं नाही. ज्यांची आधी वाचून झालीय, त्यांनी तोंड उघडायचं नाही! एका बैठकीत गोष्ट ऐन रंगात थांबली आणि सगळे नुसते हळहळले. त्या काळचे वर्गणीदार पुढच्या अंकासाठी कसे ताटकळत असतील, ते तेव्हा कळलं.

मंजू, ही कादंबरी डोळ्यांनी वाचायची नाहीच गं. सगळं नायिका यमू स्वतः सांगते, माजघरातल्या साध्या बोलीत. सव्विशीतल्या पुरुषाला हा आवाज सापडला कसा, याचं मला दर वेळी नवल वाटतं. आमच्यातल्या ऐंशीच्या आजी वाचतात तेव्हा यमू थकलेली वाटते. कॉलेजातली मुलगी वाचते तेव्हा तीच वाक्यं चिडून बोलल्यासारखी येतात.

वाचन झालं की गाणं. एकांकडे जुनी पायपेटी आहे, तिच्यावर देवलांच्या 'शारदे'तली पदं होतात. कादंबरीच्या बैठकीत नाटकाचं काय काम, असं काहींचं म्हणणं. मला ते पटत नाही. हरिभाऊ स्वतः नाटकात रमलेले. मोलिएरचं प्रहसन त्यांनी 'मारून मुटकून वैद्यबुवा' करून मराठीत आणलं. शिवाय कादंबरीचं आणि 'शारदे'चं दुखणं एकच आहे: लहान वयातली लग्नं. संमतिवयाच्या कायद्यानं शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा केलं ते १८९१ साली, म्हणजे यमूची कहाणी छापून येत असतानाच. टिळकांनी त्या कायद्याला विरोध केला, पुण्यात रणं माजली. पुढं १८९९ मध्ये 'शारदा' रंगभूमीवर आली: पैशाच्या लोभानं कांचनभट पोटच्या पोरीला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो.

आणि आपल्या नाशकात तर 'शारदे'चं नाव निघालं की विजयानंद नाट्यगृह आठवतंच. २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला तिथं गोळ्या घातल्या, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्या रात्री किर्लोस्कर मंडळी 'शारदा'च करत होती, हे किती जणांना माहीत आहे? मी हे सांगितलं त्या दिवशी 'मूर्तिमंत भीति उभी' दोनदा गायला लावलं सगळ्यांनी.

आता मुद्द्याचं. रघुनाथराव गेल्यावर शंकरमामंजी यमूचं जबरीनं केशवपन करवतात, ते प्रकरण लवकरच येईल. ते वाचायला कुणी धजत नाही. आजी तर म्हणाल्या, 'माझ्या आत्याला मी तशी पाहिलीय, मला जमायचं नाही.' मी तुझं नाव सुचवलंय. तुझा आवाज रडवेला होत नाही, आणि तिथं तसाच आवाज हवा. चार दिवस रजा काढून ये. उतरायचं आमच्याकडेच. तुझ्या बाबांच्या कपाटातली ती जुनी प्रत असेल तर घेऊन ये. आमच्या प्रतीची काही पानं गेलीत.

कधी येतेस ते कळव.

तुझी,
वसू