आबांचा कामाचा डोळा

नागपूर, तान्हा पोळा

प्रिय गज्या,

तब्येती बऱ्या. माझी शुगर आहे तिथंच आहे, आईची पाठ चालूच. मारबतीच्या गर्दीमुळे आज दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून लिहायला बसलो. फोनवर सांगितलं असतं तर तू आधी हसला असतास.

आबा डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला नाही म्हणतात.

उजव्याचं उन्हाळा लागता लागता झालं. मोतीबिंदू काढला, लेन्स बसवली. चार दिवसांनी माझ्याशीच भांडले की भिंतीला एवढा निळा रंग कोणी मारला. भिंत तीच, रंगही तूच मारलेला, ओघळांसकट. आम्ही हसून सोडून दिलं. पुढे बकरी ईदच्या आधीची घाई आली, आबा जोमात भट्टीवर बसले, आणि मग माल परत यायला लागला.

पहिला आला तो सावजीचा आचारी, ज्याची तुझी उधारी अजून मीच ऐकून घेतो. बोलला काहीच नाही, सुरा ऐरणीवर ठेवला. हाडावर धार मुडपली होती, तुटली नव्हती. मी कानस लावली तर ती सरळ चावायलाच लागली. आपल्या पात्यावर ती जेमतेम खरवडते, तुला माहीत आहे. पाणी फार उतरलं होतं, पातं मऊ पडलं होतं. मला आधी वाटलं, भंगारवाल्यानं ट्रकच्या स्प्रिंगची कमान म्हणून भलतंच लोखंड गळ्यात मारलं. त्याच्याशी भांडूनही आलो.

शोध लावला रेवानं. पॉलिटेक्निकमध्ये जाते हे आपल्या फायद्याचं असेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं त्याच कमानीची एक पट्टी कापली, पाणी दिलं, घासून चकचकीत केली आणि हळूहळू तापवायला घेतली. रंग कसे चढतात ते तुला सांगायला नको: आधी तणसाचा, मग सोनेरी, मग तपकिरी, जांभळा, आणि 300 अंशांच्या आसपास निळा, म्हणजे सुरीची स्प्रिंग झाली. आपण सोनेरीवर थांबतो, 230 च्या आगेमागे. सोनेरी आला तशी ती म्हणाली, "आबा, उजवा डोळा झाका." आबा म्हणाले, "झालं, काढ." मग म्हणाली, "आता डावा झाका." तर म्हणाले, "कच्चं हाय अजून, राहू दे."

पट्टी तीच, गज्या. मधे एक श्वासही गेला नसेल.

मोतीबिंदूनं डोळ्याचं भिंग पिवळं पडत जातं म्हणे. म्हणजे आबांचा सोनेरी इतकी वर्षं थोडा डोळ्यातलाच होता. नव्या लेन्सला तो फिका दिसतो, म्हणून ते वाट बघतात, आणि त्यांच्या मनातला सोनेरी येईपर्यंत पातं जांभळ्याकडे निघालेलं असतं. आबा पट्टी घेऊन दारात उजेडाला गेले. एकदा हा डोळा, एकदा तो. मग मला म्हणाले, "मंग खरा कोनता बे?" मला काय उत्तर येणार.

दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यावर ऑपरेशनची उरलेली पट्टी चिकटवूनच कामावर आले. आणि माल एकदम ठीक उतरला! तिथंच सगळं अडलं. डॉक्टर म्हणतात डावा पिकत चाललाय, जितका लांबवाल तितकं अवघड. आबांचं एकच, "तो कामाचा डोळा हाय, त्याले कोनी हात लावू नका." आईनं रडून बघितलं.

रेवाला उष्णता दाखवणारा काटा असलेली छोटी विजेची भट्टी हवी आहे. 200 वर लावायची, दोन तास ठेवायची, कोणाचा डोळा नको. मला पटतं. पण आबा विचारतात, नायकुंडच्या भट्टीत कुठं काटा होता? हे पाप तुझं. पारशिवनीकडे अडीच हजार वर्षांपूर्वी लोखंड गाळायचे हे कात्रण तूच त्यांना वाचून दाखवलंस, आता प्रत्येक वादात ते बाहेर निघतं. तुझ्या तलवारीचंही अजून काढतात. नऊ इंचांच्या वर, घरकामाचं ना शेतीचं, पोलीस आले तर काय सांगायचं, म्हणून तापवून विळा केला होता ना तिचा? तो विळा अजून आहे. धार तुझ्यासारखीच, एकाच बाजूनं चालते. यावर तू पुन्हा चिडशील, चीड.

चाकणला नाईट शिफ्ट सुटली का? पोराची बारावी? वहिनींना नमस्कार, त्यांची पावशी तयार आहे.

माझ्या डोक्यात एक आहे. प्रत्येक रंगाची एकेक पट्टी तापवून तेल लावून भट्टीशेजारी टांगायची, आणि पातं तिच्याशी जुळवायचं. मग डोळा पिवळा असो की पांढरा, दोन्ही सारखेच दिसणार. रेवा म्हणते चालेल. पण मी सांगितलं तर आबा ऐकायचे नाहीत, पोरीनं शिकवलं तर त्याहून नाही. म्हणून पट्ट्यांची अक्कल तुझी आहे असं मी कालच त्यांना सांगून टाकलंय. ते तुला फोन करणार आहेत. हो म्हण, आणि बोलता बोलता डाव्या डोळ्याचं काढ. तलवारीवरून शिव्या देतील, तेवढ्या ऐकून घे.

तुझा,
बंडू