‘पिशवी काढली’ म्हणजे नेमके काय काढले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्त्रियांच्या आजारांवरचे आणि बाळंतपणावरचे लेख आता वृत्तपत्रांत मोकळेपणाने येतात, याचे समाधान आहे. पण या लेखांत आणि दवाखान्यातल्या बोलण्यातही ‘पिशवी’ हा एकच शब्द किती जागी वापरला जातो ते पाहा. गर्भाशय म्हणजे पिशवी, गर्भाशयमुख म्हणजे पिशवीचे तोंड. सहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ‘नुसती पिशवी दिसते’ तेव्हा ती गर्भाभोवतीची पिशवी असते आणि कळांच्या आधी ‘पिशवी फुटली’ म्हणतात तेव्हा ती पाणमोट असते. घरगुती बोलण्यात हे चालून जाते. उपचार ज्या अवयवावर ठरतात त्याचे नाव मात्र रुग्णाला नीट कळलेच पाहिजे.

सर्वांत जास्त नुकसान ‘पिशवी काढली’ एवढ्याच उत्तराने होते. काही स्त्रियांमध्ये गर्भाशयाचा वरचा भाग काढून मुख ठेवलेले असते. काहींचे गर्भाशय मुखासकट काढलेले असते, काहींच्या गर्भनलिकाही काढलेल्या असतात, तर काहींचे दोन्ही बीजांडकोशसुद्धा. कागदावर ‘टोटल हिस्टरेक्टमी’ वाचून घरच्यांचा समज होतो की सगळेच काढले. ‘टोटल’चा अर्थ गर्भाशयाबरोबर गर्भाशयमुखही काढले, इतकाच आहे. बीजांडकोश ठेवले की काढले हे त्यातून कळत नाही, ते वेगळे लिहावे लागते.

हा फरक पुढची कित्येक वर्षे त्या बाईला पुरतो. मुख शिल्लक असेल तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची पॅप किंवा एचपीव्ही तपासणी ठरावीक अंतराने चालू ठेवावी लागते. ‘आता पिशवीच नाही’ म्हणून ती सोडून देणे धोक्याचे. दोन्ही बीजांडकोश चाळिशीत काढले असतील तर पाळी जाण्याचा काळ शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच सुरू होतो. अंगातून वाफा येणे, झोप न लागणे हे त्रास बाई सांगते. हाडांची झीज आणि हृदयविकाराचा वाढता धोका तिला जाणवत नाही. अशा स्त्रीला दुसरी काही आडकाठी नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन देण्याचा विचार करतात. त्यातही गर्भाशय काढलेले असेल तर बहुधा एकटे इस्ट्रोजेन पुरते. गर्भाशय असेल तर जोडीला प्रोजेस्टेरॉन लागते, नाहीतर आतले अस्तर वाढत जाऊन त्याचा कर्करोग होण्याची भीती असते. आणि बीजांडकोश ठेवलेले असतील, तर दहा वर्षांनी ओटीपोटात गाठ सापडल्यावर त्यांचाही विचार करावाच लागतो.

म्हणून घरी जाताना मिळणाऱ्या कार्डावर काय काढले, काय ठेवले आणि कशासाठी, हे रुग्णाच्या भाषेत लिहिलेले असावे. काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजीचा अहवाल त्या कार्डाबरोबर जपून ठेवावा. पेशींतील कर्करोगपूर्व बदलांसाठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर मुख काढल्यानंतरही योनिमार्गाच्या वरच्या टोकाची तपासणी करावी लागते आणि ती गरज या अहवालावरूनच कळते.

शस्त्रक्रियेपर्यंत नेणारा एक शब्दही इथेच सांगायला हवा. तपासणीत गर्भाशयमुखावर लालसर भाग दिसला की ‘इरोजन’ लिहितात आणि रुग्णाला सांगतात, ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे.’ ती जखम नसते. मुखाच्या आतल्या नाजूक पेशींचा थर बाहेरच्या बाजूपर्यंत आलेला असतो. हा थर पातळ असल्याने खालच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग दिसतो. वयात आलेल्या मुली, गरोदर स्त्रिया, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया यांच्यात हे सर्रास आढळते. तो कर्करोग नाही, कर्करोगाची पहिली पायरीही नाही. त्रास नसेल तर त्याला उपचार लागत नाही. संबंधानंतर रक्त जात असेल तर मात्र आधी पॅप किंवा एचपीव्ही चाचणी करायची आणि मगच पुढचे ठरवायचे. ‘जखम आहे, पुढे कॅन्सर होईल’ एवढ्या बोलण्यावर गर्भाशय काढणे हा त्या बाईवर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाळंतपणाच्या बातम्यांत वार आणि नाळ यांची गल्लत नेहमी दिसते. वार गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेली असते, नाळ तिला बाळाच्या बेंबीशी जोडते. ‘नाळ खाली आहे’ असे छापून येते तेव्हा बहुतेकदा वार अभिप्रेत असते, पण कळांच्या वेळी नाळ खरोखर बाळाच्या आधी खाली सरकली तर ती वेगळीच आणि काही मिनिटांत निर्णय घ्यावा लागणारी आणीबाणी आहे. गळ्याभोवती नाळेचा वेढा हा मात्र बातमीत वाटतो तितका भयंकर नसतो. चार-पाच बाळंतपणांत एकदा तो आढळतो. बाळ पोटात नाकाने श्वास घेत नाही, त्याला प्राणवायू नाळेतून मिळतो. त्यामुळे केवळ वेढा दिसला म्हणून सिझेरियन करायचे कारण नाही.

वारेच्या जागेचाही असाच घोळ होतो. अहवालातले ‘अँटिरियर’ म्हणजे वार पोटाच्या बाजूच्या भिंतीवर आहे, यात वावगे काही नाही. फार तर बाळाची हालचाल थोडी उशिरा जाणवते. ‘प्लासेंटा प्रिव्हिया’ म्हणजे वारेने गर्भाशयमुखाचे आतले तोंड झाकले आहे. दोन्हींसाठी ‘वार पुढे आहे’ म्हटले की एक बाई उगाच घाबरते आणि दुसरी गाफील राहते. वारेची कड आतल्या तोंडापासून २० मिलिमीटरपेक्षा जवळ असेल, पण तोंड झाकलेले नसेल, तर तिला ‘लो-लाइंग’ म्हणतात. विसाव्या आठवड्यात खाली दिसणारी वार बहुतेक वेळा गर्भाशय वाढेल तशी वर जाते, म्हणून ३२ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहायचे. तोवर न दुखता लाल रक्त गेले तर लगेच रुग्णालय गाठायचे आणि वारेची जागा सोनोग्राफीत पाहिल्याशिवाय बोटाने आतून तपासणी करू द्यायची नाही. आधी सिझेरियन झालेले असेल आणि वार जुन्या व्रणावर खाली असेल, तर ती भिंतीत रुतली आहे का हे मुद्दाम पाहावे लागते.

तारखांविषयी थोडे विस्ताराने लिहिते. आपल्याकडे ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतात. वैद्यकाचा हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवसांचा, म्हणजे नऊ महिने आणि सात दिवसांचा आहे. पाळी १० जानेवारीला आली असेल तर तारीख १७ ऑक्टोबर. हा हिशेब २८ दिवसांच्या नियमित पाळीसाठी आहे. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून तारीख ठरवतात. तिच्यात पाच-सात दिवसांपेक्षा जास्त फरक सहसा पडत नाही. शेवटच्या तीन महिन्यांतल्या मोजमापात हाच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. तरीही यंत्र प्रत्येक अहवालावर नवी तारीख छापते आणि घरचे म्हणतात, ‘तारीख पुढे गेली.’ एकदा नीट ठरलेली तारीख पुढे जात नाही. आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत तारीख तीन आठवडे पुढची आली, तर बाळाची वाढ मागे पडली असण्याची शक्यता आधी तपासायची असते. तारीख बदलून टाकली की नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

महिन्यांत बोलण्यानेही चूक होते. ‘चौथा लागला’ की ‘चौथा संपला’ यात चार आठवड्यांचे अंतर आहे. गर्भाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच करता येते, त्यानंतर ती संधी जाते. आठवडे आणि दिवस सांगायची सवय म्हणूनच लावून घ्यायला हवी. प्रसूतिगृहात ‘दोन बोटे उघडले’ म्हणतात त्याऐवजीही सेंटिमीटर सांगावेत. बोटांची जाडी सारखी नसते आणि पूर्ण उघडणे म्हणजे १० सेंटिमीटर.

कार्डावर ‘जी ४ पी २ ए १ एल २’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ: ही चौथी गर्भधारणा, दोन बाळंतपणे, एक गर्भ पूर्वी गेलेला, दोन मुले हयात. जुळे झाले तरी ‘पी’मध्ये ते एकच बाळंतपण धरतात. यातला ‘ए’ म्हणजे अबॉर्शन. आपोआप झालेला गर्भपात आणि करवून घेतलेला गर्भपात, दोन्ही त्यात येतात; गर्भनलिकेत राहिलेला गर्भही बहुधा तिथेच मोजतात. हे अक्षर वाचून सुनेवर संशय घेतला जातो, म्हणून हे सासरच्यांना समजावून सांगणे डॉक्टरांचे काम आहे.

सिझेरियनच्या कार्डाबाबत एकच पण महत्त्वाची गोष्ट. पोटावरचा आडवा व्रण पाहून गर्भाशयावरचा छेद कळत नाही. छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा असेल तर पुढच्या खेपेला नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येतो. त्यात व्रण उघडण्याचा धोका साधारण २०० मध्ये एक असतो. वरच्या भागात उभा छेद असेल तर तो धोका कितीतरी जास्त, म्हणून कळा सुरू होण्याआधीच सिझेरियन ठरवतात. छेदाची जागा, सिझेरियनचे कारण आणि बाळाचे वजन या तीन नोंदी कार्डावर नसतील तर घरी जाण्याआधी मागून घ्याव्यात.

आपल्या आरोग्य पानावर ‘अंगावरून जाणे’ हा शब्दप्रयोग येतो तेव्हा पांढरे की लाल, हे प्रत्येक वेळी छापावे, ही विनंती. पांढऱ्यामध्ये खाज, वास आणि रंग विचारतात. लालमध्ये किती पॅड आणि गाठी किती मोठ्या. सलग दोन तास दर तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल तर घरी थांबू नये. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एकदाच लाल डाग दिसला, तरी गर्भाशयाच्या अस्तराची जाडी सोनोग्राफीत पाहावी लागते. ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर अस्तराचा नमुना तपासायला पाठवतात, आणि ४ पेक्षा कमी असूनही डाग पुन्हा दिसला तरीही पाठवतात.

आपली,
प्रसूतिशास्त्राची एक अध्यापिका