आमच्या ड्रॉइंग सरांना उघड पत्र

खानापूर तालुका, जि. बेळगाव

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. गेल्या शनिवारी मी तोंड उघडलं, तर "बाई, आधी पोरांचे ब्रश धुऊन घ्या" म्हणून तुम्ही विषयच मोडलात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

कर म्हणजे काय आणि लोक त्याविरुद्ध का उठतात, हे मी दोन वर्षं फळ्यावर लिहून दिलं. मुलांनी उतरवून घेतलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरली. यंदा निवृत्तीनंतरचे चार शनिवार तुम्ही आमच्या पाचवीला दिलेत. रेखाचित्रं हातानं काढलीत, बेळगावहून झेरॉक्स करून आणलीत, आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत.

पहिलं चित्र अमेरिकेतल्या, तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली असलेल्या बोस्टनच्या बंदराचं. १६ डिसेंबर १७७३ ची रात्र, तीन जहाजं, आणि करावर चिडलेली माणसं समुद्रात रिकाम्या करताहेत त्या चहाच्या ३४२ पेट्या. इतक्या लांबची गोष्ट आमच्या पोरांना काय लागणार, असं मला वाटलं होतं. तुम्ही पेटीवर बोट ठेवून म्हणालात, "हा माल ईस्ट इंडिया कंपनीचा. जिनं पुढं कित्तूरचं राज्य घेतलं, १८३१ साली त्या राज्यासाठी लढणाऱ्या रायण्णाला आपल्या नंदगडात फाशी दिलं, तीच ही कंपनी." नंदगडची दोन मुलं ताठ होऊन बसली.

मुलांनी समुद्राला निळा खडू लावायला घेतला तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "रात्री मलप्रभेचं पाणी कसं दिसतं रे?" मग काळा निघाला, जांभळा निघाला. एका मुलीनं जहाजाच्या बुडाशी तपकिरी ढीग काढला. मी तिला खोडायला सांगणार होते. तुम्ही मला थांबवलंत. त्या रात्री ओहोटी होती, पाणी उथळ होतं, चहाचे खरोखरच ढीग साचले होते. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. एवढा चहा जाईल कुठं, असा विचार करून तिनं तो काढला होता. मी खोडायला लावलं असतं, हे मला अजून लागून राहिलं आहे.

चेहऱ्यांचंही तसंच. छापील चित्रांत चहा ओतणाऱ्या माणसांच्या डोक्यावर मोठमोठी पिसं असतात. तुम्ही ती काढली नाहीत. त्यांनी मोहॉक या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं सोंग घेतलं होतं, पण ते घोंगडी पांघरून आणि तोंडाला काजळी फासून. त्यांतल्या एका चांभारानं तर लोहाराच्या दुकानातली कोळशाची पूड फासली होती. सोंगासाठी दुसऱ्या लोकांना हसण्यासारखं रंगवू नये, हेही मुलांना तिथंच कळलं. आणि तो चहा आसामचा, असं मी वर्गात सांगून बसले होते. तो चीनचा होता; आसामचा चहा बाजारात यायला अजून साठेक वर्षं होती. तुम्ही मला हे व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलंत, मुलांसमोर नाही. सोमवारी मी स्वतः ते मुलांना सांगितलं.

सगळ्यात अवघड प्रश्न मागच्या बाकावरून आला. "सर, त्या कायद्यानं चहा स्वस्तच झाला म्हणता, मग ओतला का?" खरंच, १७७३ च्या कायद्यानं कंपनीला थेट माल पाठवायची मुभा मिळाली आणि चहा स्वस्त होणार होता; कर होता पौंडभर वजनाच्या चहाला तीन पेन्स. तुम्ही पंचायतीच्या घरफाळ्याची पावती काढलीत. "हा फाळा ठरवणारे मेंबर कुणी निवडले?" "आमच्या आई-बाबांनी." "बोस्टनवाल्यांचा लंडनच्या पार्लमेंटात एकही मेंबर नव्हता. विचारलंच नाही, तर स्वस्त काय नि महाग काय?" कन्नड घरातला आमचा एक विद्यार्थी म्हणाला, आम्ही याला तेरिगे म्हणतो. तुम्ही तोही शब्द फळ्यावर 'कर' आणि 'फाळा' यांच्या शेजारी लिहिलात.

दुसरं चित्र मिठाचं. १९३० साली दांडीनंतर शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला. आंबोली घाट उतरून सावंतवाडीवरून जायचं ते शिरोडं, आमची मुलं सहलीला जातात तिथलं. सरकारच्या परवानगीशिवाय मीठ करणं गुन्हा, आणि कर गरिबाच्या भाकरीवरही. मुलं अडली ती रंगाशी: मीठ पांढरं, कागदही पांढरा. तुम्ही पुडी सोडून प्रत्येकाच्या तळहातावर खडेमिठाची चिमूट ठेवलीत. "आता हाताचा रंग बघा." पोरांनी तळवे रंगवले, वाळू रंगवली, मागचं आभाळ रंगवलं, आणि मुठीतली जागा कोरी सोडली. सर, चाळीस कागदांवर ती कोरी मूठ लखलखत होती. मी बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

ते चाळीसही कागद व्हरांड्यात दोरीला लावले आहेत. पालक घ्यायला येतात तेव्हा मुलं त्यांना हाताला धरून नेतात आणि ओहोटीपासून सांगायला सुरुवात करतात. परवा एका आजीनं मिठाच्या चित्रासमोर हात जोडले.

सर, मुलं पुढचा शनिवार विचारतात. चपटे ब्रश धुऊन, उलटे करून डब्यात ठेवलेत, तुम्ही सांगितलं होतं तसे.

आपली,
पाचवीच्या बाई