वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर जुन्या सवयींचे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या आरोग्यविषयक पानावर वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांची माहिती अधूनमधून येत असते. शस्त्रक्रिया कोणाची करावी, ती कशी होते, मधुमेह आणि रक्तदाबावर तिचा काय परिणाम होतो, हे सारे त्यात नीट सांगितलेले असते आणि सोबत बहुधा आधीचे व नंतरचे अशी दोन छायाचित्रेही असतात. माझी स्वतःची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया, सहा वर्षांपूर्वी झाली आणि ती करून घेतल्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही, हे आधीच स्पष्ट करते. तरीही त्या दोन छायाचित्रांच्या मधल्या काळाविषयी फारसे कोणी लिहीत नाही, ही उणीव मला सतत जाणवते. माझे जठर लहान करायला सर्जनना तास-दीड तास लागला. चाळीस वर्षे अंगात मुरलेली खाण्यापिण्याची रीत मोडायला मला तीन वर्षे लागली.

या शस्त्रक्रियेने नेमके काय बदलते, हे आधी थोडक्यात सांगते. स्लीव्हमध्ये जठराचा डावीकडचा फुगीर भाग, म्हणजे जवळपास 75 ते 80 टक्के जठर, काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी तेवढी मागे ठेवतात. गॅस्ट्रिक बायपास या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे 30 मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करून ती लहान आतड्याला जोडतात. भूक लागल्याचा संदेश देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होते, तो भाग स्लीव्हमध्ये निघून जातो, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने भूक जवळजवळ लागतच नाही. मला तर जेवणाची वेळ चुकू नये म्हणून घड्याळात गजर लावावा लागे. पण दुपार कलली की काहीतरी चघळावेसे वाटणे, कोणाशी वाद झाला की गोडाची आठवण येणे, टीव्हीसमोर बसले की हात आपोआप वाटीकडे जाणे, या ओढीचा जठराच्या आकाराशी काहीही संबंध नसतो. आम्ही रुग्ण आपसांत तिला ‘डोक्यातली भूक’ म्हणतो, आणि ती शस्त्रक्रियेच्या टेबलावरून आमच्याबरोबर जशीच्या तशी घरी येते.

मला सर्वांत जड गेली ती जेवताना पाणी पिण्याची सवय, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. जेवताना पाणी प्यायचे नाही आणि जेवण झाल्यावर किमान अर्धा तास थांबायचे, असे आहारतज्ज्ञांनी मला बजावले होते. अरुंद नळीत अन्न आणि पाणी एकाच वेळी मावत नाही, त्यामुळे एक तर छातीखाली दाटून येते आणि उलटी होते, नाही तर पाण्याबरोबर अन्न लवकर पुढे सरकते आणि पोट भरल्याची जाणीव टिकत नाही, हे कारणही मला पटले होते. तरीसुद्धा दोन घास झाले की हात पेल्याकडे वळायचा, आणि पेला उचलल्यावरच मला नियम आठवायचा. शेवटी मी जेवणाच्या वेळी पाण्याचे भांडे दुसऱ्या खोलीत ठेवू लागले. तसे केल्यावर पहिल्याच दिवशी घास तोंडात अडकून राहिला आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की आयुष्यभर मी अन्न खऱ्या अर्थाने चावलेलेच नव्हते. अर्धवट चावलेला घास पाण्याच्या घोटाने खाली ढकलणे, यालाच मी जेवणे समजत होते. घास तोंडातच पातळ होईपर्यंत वीस-पंचवीस वेळा चावणे, तो गिळून झाल्याशिवाय दुसरा न उचलणे, मध्ये चमचा खाली ठेवणे, या ज्या गोष्टी लहान मुलांना शिकवतात त्या मी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकले. लहान मुलांचा चमचा वापरावा, ही आहारतज्ज्ञांची सूचना मला आधी अपमानास्पद वाटली होती, पण हात सावकाश आणि घास लहान ठेवायला त्या चमच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही.

पाण्याची दुसरी बाजूही तितकीच अवघड आहे. जेवताना प्यायचे नाही, पण दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पोटात गेलेच पाहिजे, आणि तेही घोट घोट. तहान लागली की उभ्या उभ्या पेलाभर पाणी गटागटा संपवणाऱ्या माणसाला हा नियम किती छळतो, हे अनुभवल्याशिवाय कळणार नाही. तिसऱ्या आठवड्यात मी बाहेरून दमून आले आणि विसरून अर्धा पेला पाणी एका दमात प्यायले. छातीच्या मधोमध अशी कळ आली की मला धड बसताही येईना आणि आडवेही होता येईना, आणि ती ओसरायला बराच वेळ लागला. त्या धास्तीने पुढचे दोन दिवस मी पाणीच टाळले, जे त्याहून वाईट होते. कारण या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याच्या नेहमीच्या कारणांत शरीरातले पाणी कमी होणे हे एक कारण आहे. पाण्याची बाटली सतत जवळ बाळगणे आणि काही मिनिटांनी एक लहान घोट घेणे, हे अंगवळणी पडायला मला सहा महिने लागले.

पोट भरल्याची खूणही नव्याने ओळखावी लागते. पूर्वी पोट तुडुंब झाल्याशिवाय थांबायचे कळत नसे. आता खूण फार हळू आवाजात येते: कोणाला एक उचकी लागते, कोणाच्या नाकातून पाणी येते, कोणाला छातीखाली हलकासा दाब जाणवतो. त्या क्षणी थांबायचे, मग समोर एकच घास उरलेला असला तरी. अन्न टाकू नये, हे आपल्यापैकी बहुतेकांवर लहानपणीच बिंबवलेले असते आणि ती शिकवण चांगलीच आहे, म्हणून मी अन्न टाकायच्याऐवजी मुळातच कमी वाढून घ्यायला शिकले. पण त्या शेवटच्या घासासाठी मी कितीतरी वेळा उलट्या काढल्या आहेत. वारंवार होणाऱ्या उलट्या ‘शस्त्रक्रियेनंतर असे होतेच’ म्हणून कोणी अंगावर काढू नयेत, असे येथे मुद्दाम सांगते, कारण त्यातून थायमिन या जीवनसत्त्वाची कमतरता होऊन मेंदूला आणि नसांना कायमची इजा होऊ शकते.

खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी सुरू झाली. पहिल्या वर्षी वजन झपाट्याने उतरत होते, लोक कौतुक करत होते आणि नियम पाळणे सोपे वाटत होते. मग भूक हळूहळू परत आली, जठरात पूर्वीपेक्षा थोडे जास्त मावू लागले आणि मला एक वाट सापडली, जिची आधी कोणी पुरेशी कल्पना दिली नव्हती. या लहान जठराला घट्ट, प्रथिनयुक्त अन्न लवकर भरते. पण बिस्किट, चॉकलेट, आइस्क्रीम, गोड पेये यांसारख्या विरघळणाऱ्या किंवा पातळ पदार्थांना ते अडवतच नाही. ते सहज खाली उतरतात, दुखत नाहीत, पोट भरत नाही, आणि येता-जाता थोडे थोडे तोंडात टाकत राहिले तर दिवसाअखेर पूर्वीइतकेच उष्मांक पोटात जातात. मी कधीही पोटभर जेवले नाही, ताट कायम लहान ठेवले, आणि तरीही दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझे वजन सात किलोंनी वाढले. त्या सात किलोंची मला इतकी लाज वाटली की मी तपासणीला जायचेच बंद केले. नेमक्या ज्या वेळी मदतीची गरज होती, त्याच वेळी मी दार लावून घेतले, आणि माझ्या रुग्णालयातूनही त्या आठ-नऊ महिन्यांत कोणी चौकशीचा फोन केला नाही.

आज वाटते की तेव्हा कोणी मला साधी आकडेवारी सांगितली असती तरी पुष्कळ झाले असते. स्वीडनमध्ये 1987 मध्ये सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात बायपास झालेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांपर्यंत उतरले होते आणि दहा वर्षांनी ती घट 25 टक्क्यांवर स्थिरावली होती. म्हणजे थोडे वजन परत येणे हा बहुतेकांचा अनुभव आहे, आणि तरीही त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी आढळले. हे माहीत असते तर सात किलोंना मी माझ्या चारित्र्याचा दोष मानले नसते आणि नववा महिना उजाडायच्या आत आहारतज्ज्ञांपुढे जाऊन बसले असते. पुढे गेले तेव्हा त्यांनी मला रागावले नाही. आठवडाभर तोंडात टाकलेली प्रत्येक गोष्ट आणि त्या वेळची मनःस्थिती लिहून काढा, एवढेच त्या म्हणाल्या. त्या वहीत दिसले की माझे बहुतेक खाणे रात्री नऊनंतरचे, एकटीचे आणि भुकेशी संबंध नसलेले होते. तोवर मी दिवसभर काय खाते याचीच काळजी वाहत होते. पुढचे वर्ष मी त्या रात्रींच्या मागे लागले: नऊनंतर स्वयंपाकघरातला दिवा बंद, हाताला विणकाम, आणि आठवड्यातून एकदा समुपदेशकांकडे तासभर बोलणे. सातपैकी पाच किलो गेले, दोन राहिले, आणि त्या दोहोंशी माझे आता भांडण नाही.

मद्याविषयी अधिक स्पष्टपणे लिहायला हवे, कारण या विषयावर रुग्ण आणि डॉक्टर दोघेही संकोचतात. बायपास आणि स्लीव्हनंतर मद्य रक्तात लवकर पोचते आणि त्याची पातळी पूर्वीपेक्षा वर चढते, त्यामुळे पूर्वी ज्याला काही होत नसे त्याला तेवढ्याच प्रमाणात मोटार चालवणे धोक्याचे ठरते. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी 7.6 टक्के होते, पहिल्या वर्षी ते जवळपास तेवढेच राहिले आणि दुसऱ्या वर्षी 9.6 टक्क्यांवर गेले. पुन्हा तेच दुसरे वर्ष. माझ्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झालेले एक गृहस्थ पूर्वी क्वचित घेणारे होते. खाण्यातला आधार सुटल्यावर त्यांनी संध्याकाळचा आधार पेल्यात शोधला आणि घरच्यांना ते कळेपर्यंत दीड वर्ष गेले. त्यांना कमकुवत मनाचा माणूस म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्या गोष्टीने चाळीस वर्षे दुःख शांत केले ती एका सकाळी काढून घेतली आणि तिच्या जागी काय ठेवायचे ते सांगितले नाही, तर माणूस हाताला लागेल ते उचलणारच.

गॅस्ट्रिक बायपासची पहिली शस्त्रक्रिया 1966 मध्ये अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी केली. तेव्हापासून सर्जनांचे तंत्र इतके पुढे गेले आहे की आज दुर्बिणीतून, पाच-सहा लहान छिद्रांतून काम होते आणि रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. सवयींचे शिक्षण मात्र मला मिळाले ते एका छापील कागदावर. त्यावर पातळ, मग मऊ, मग घट्ट आहाराचे आठवडे होते, रोज 60 ते 80 ग्रॅम प्रथिने घ्या असे होते, जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतील असेही होते. सर्व बरोबर होते. पण तो कागद आठव्या आठवड्याला संपत होता.

म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांकडे माझी मागणी अशी आहे की त्यांनी पहिल्या दोन-तीन वर्षांचा आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांचा पाठपुरावा शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरावा, आणि रुग्ण तपासणीला आला नाही तर त्याला स्वतः फोन करावा. न येणाऱ्यालाच त्या फोनची सर्वाधिक गरज असते. घरच्यांना माझी विनंती आहे की लहान चमच्याने, अर्धा तास लावून जेवणाऱ्या माणसाला ‘एवढेच?’ असे विचारू नये आणि आणखी एका घासाचा आग्रह करू नये. आणि आपल्याला, संपादक महोदय, अशी विनंती आहे की यापुढे या शस्त्रक्रियेवर लेख छापाल तेव्हा आधीच्या व नंतरच्या छायाचित्रांसोबत एखाद्या रुग्णाचे दुसरे आणि तिसरे वर्षही छापावे. माझी ती वही मी जपून ठेवली आहे. आपल्या वार्ताहरांना उपयोग होणार असेल तर ती वाचायला देण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक