साठ चिरे, आठ चिरे

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी सांगून टाकते. येत्या सोमवारी साडेदहाला रत्नागिरीत तुमच्या कानांच्या तपासणीची वेळ घेतली आहे. पैसे भरलेत, गाडीही सांगितली आहे. विचारून करायला हवं होतं, कळतं मला. पण गेल्या दोन्ही गणपतींत विषय काढला तर "मला काय झालंय?" म्हणून तुम्ही उठून पडवीत गेलात. तपासणी मी करणार नाही. कान तपासणं माझं रोजचं काम असलं तरी लेकीसमोर "आला आवाज, नाही आला" असं सांगणं तुम्हाला जड जाईल, आणि ते बघणं मला.

तुम्ही तापट झालात असं वाडीत बोलतात. मला ते सोसत नाही, कारण ते खरं नाही. वय वाढतं तसे कानातून आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, ट, क ही अक्षरं नेमकी त्यात येतात. आ, ओ, ऊ जाड असतात, ते पोचतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही, आणि वाटतं की समोरचा मुद्दाम पुटपुटतोय. 'साठ'मधला स गळला की 'आठ' उरतं. तात्यांनी गडग्याला साठ चिरे सांगितले होते, तुम्हाला आठ ऐकू आले, बाबा. मी त्यांना विचारलं, रागावू नका. त्यांनी शब्द फिरवला नाही आणि तुम्हीही खोटं बोलला नाहीत.

आई, आता तुला. तू स्वयंपाकघरातून ओरडून हाक मारतेस, ते बंद कर. ओरडलं की स्वर मोठे होतात, स-श तसेच राहतात. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा एकदम टोचतो, म्हणून ते दचकून खेकसतात. आधी नुसतं "अहो" म्हण, त्यांनी वळून बघेपर्यंत थांब. मग ३ ते ४ फुटांवरून, नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश बोल. उजेड तुझ्या तोंडावर हवा. ओटीवर तू खळ्याकडे पाठ करून बसतेस, तुझं तोंड काळोखात जातं आणि त्यांना ओठ दिसत नाहीत. जागा बदल. बोलताना टीव्ही बंद. पावसात पडवीच्या पत्र्याखाली महत्त्वाचं काही बोलूच नका, माजघरात या. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणू नकोस, शब्द बदल. साठ कळलं नाही तर "सहावर शून्य" म्हण. आणि "जाऊ दे, काही नाही" हे कधीही म्हणू नकोस. त्या चार शब्दांनी माणूस घरातल्या घरात परका होतो, आई. तू थकून म्हणतेस हे माहीत आहे मला.

बाबा, तुम्हीही न ऐकता "हो, हो" म्हणणं सोडा. जे ऐकलं ते परत बोलून दाखवा: "आठ म्हणालात का?" यात कमीपणा नाही. समोरच्याला उलट बरं वाटतं की आपलं नीट ऐकून घेतायत. गावकीच्या बैठकीत भिंतीला पाठ लावून, बोलणाऱ्याच्या समोर बसा. मागचा गलका कमी होतो.

ऐकण्याचं यंत्र दोन्ही कानांना घ्यायचं. एकच घेतलं तर आवाज कुठून आला ते कळत नाही, आणि आपल्या उतारावर मोटारसायकली कशा येतात ते तुम्ही जाणता. आधी डॉक्टर मळ काढतील. तोवर हेअरपिन नको, कोमट तेल नको. लाल खूण उजवा कान, निळी डावा. पहिला आठवडा दिवसाला २-३ तास, घरातच. स्वतःचा आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमेल, ताटवाट्या कर्कश वाटतील. ते यंत्र बिघडल्यामुळे नाही. मेंदूला त्या आवाजांची सवय राहिलेली नाही, ती परत लागायला काही आठवडे जातात. तेवढ्यात खणात टाकून देऊ नका. त्रास झाला तर परत जाऊन यंत्राच्या आवाजाची जुळणी बदलून घ्यायची. आरती आणि ढोल सुरू झाले की काढून ठेवा.

आपल्या दमट हवेत यंत्राचा खरा शत्रू घाम. रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसून, बॅटरीचं झाकण उघडं ठेवून, सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या, डबीत ठेवा. दाण्यांचा रंग पालटला की दाणे बदला. चुलीजवळ नको, आंघोळीला नको. नव्या बॅटरीचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच ती घाला, तिला हवा लागते. शिट्टी वाजली तर यंत्र नीट बसलं नाही किंवा मळ साचलाय.

एवढी घाई का, तेही सांगते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे टाळता येण्यासारखे धोके सांगितले, त्यात कमी ऐकू येणं आहे. तुमची आठवण अजून माझ्यापेक्षा चांगली आहे. ती तशीच राहावी एवढंच.

मी खळ्यात रुसून उभी असले की तुम्ही उकिडवे बसायचात, तोंडासमोर तोंड आणायचात आणि मगच बोलायचात. उभ्याने कधी रागावला नाहीत. आज आईला जे शिकवतेय ते तुमचंच आहे, बाबा.

सोमवारी आईनेही जायचं आहे. तिथे सांगितलेलं दोघांनी ऐकायचं. डब्यात घावणे घ्या, गोळ्या विसरू नका.

यंत्राची सवय झाली की तात्यांकडे जाऊन या. सकाळी जा, तेव्हा त्यांच्या ओटीवर उजेड असतो. चिऱ्यांचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर "मला तेव्हा आठ ऐकू आलं" एवढंच म्हणा.

तुमची,
बाय