नागपूरच्या वरच्या मजल्यासाठी : आधी स्लॅब, मग कूलर, मग एसी

पुणे, १० फेब्रुवारी

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र आणि दुकानदाराचं कोटेशन दोन्ही मिळालं. दोन बेडरूमना दोन-दोन टनांचे हॉट अँड कोल्ड एसी, हॉलला एक दीड टनाचा, वर स्टॅबिलायझर. यात दुकानदाराचा उन्हाळा झकास जाईल, तुझा नाही. तू नव्वद हजारांची मर्यादा सांगितली आहेस. तेवढ्यात घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत काकूंपुरतं उबदार राहू शकतं, फक्त पैसे वेगळ्या क्रमाने घालायला हवेत.

वीस वर्षं ठाण्यात काढल्यामुळे गारवा म्हणजे एसी असं तुझ्या डोक्यात बसलंय. ठाण्याच्या दमट हवेत ते बरोबर आहे. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ४४ अंश असतात आणि हवेतली आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास. असल्या कोरड्या हवेत ओली ताटी धरली, की पाण्याची वाफ होताना ती हवेतलीच उष्णता ओढून घेते. हिशोब केला तर चांगल्या पॅडमधून २७ अंशांच्या आसपासची हवा आत येते. म्हणजे १७ अंशांची घट, आणि त्यासाठी फक्त पंखा आणि पंप चालवायचा. तोच कूलर जुलैत लाव: बाहेर ३०, आर्द्रता ८० टक्के, आत येणारी हवा साडेसत्तावीसची आणि चिंब. चादरी ओलसर, उशी ओलसर. म्हणून मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत कूलर, पावसाळी उकाड्याला आणि ऑक्टोबरला एसी, अशी वाटणी तुझ्या घराला बसते. दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी कधी लावू नकोस. कूलरने आणलेला ओलावा एसीला पुन्हा पाणी करून बाहेर काढत बसावं लागतं, आणि त्याची निम्मी ताकद त्यातच जाते.

पण याच्याही आधी स्लॅब. तुझा फ्लॅट सगळ्यात वरचा. १२ बाय १४ च्या खोलीवर साडेपंधरा चौरस मीटर उघडा स्लॅब येतो. त्याचा पृष्ठभाग दुपारी साठीच्या वर तापतो. त्यातून आत झिरपणारी उष्णता मी काढून पाहिली, ती जवळपास १,८०० वॅट आली. एक टन म्हणजे ३,५०० वॅट. म्हणजे तुझ्या एसीचा अर्धा टन नुसता छपराशी भांडण्यात जाणार. शिवाय पाच-सहा इंची काँक्रीट ही उष्णता चार-पाच तास धरून ठेवतं आणि रात्री नऊ-दहापर्यंत आत सोडत राहतं. ‘बाहेर गार वारा सुटला तरी खोली तापलेलीच’ ही वरच्या मजल्यावरची तक्रार त्यामुळेच असते, आणि दुकानदार त्यावर दोन टनांचं औषध सांगतो.

गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग दोन हात दे. स्लॅबमधून येणारी उष्णता चाळीसेक टक्क्यांनी उतरते. वीस लिटरच्या डब्यात साधारण पाच-सहाशे चौरस फुटांवर दोन हात होतात, म्हणजे तुझ्या खोल्यांवरचा भाग निघाला. आधी गच्ची ब्रशने घासून धुवायची, भेगा भरायच्या, दोन दिवस कडक वाळू द्यायची. ओल राहिली तर रंग पापुद्र्यांनी सुटतो. घाईचा रंगारी नेमकं वाळू देत नाही. दरवर्षी मार्चमध्ये एकदा पाणी मारून धूळ काढ, कारण राखाडी झालेला पांढरा रंग काही परतवत नाही. गच्ची सोसायटीची आहे, तेव्हा लेखी परवानगी आधी घे. हिरव्या जाळीचा मांडव तीन-चार फुटांवर बांधला तर तोही चालतो, पण नागपुरात वळवाच्या वाऱ्याला तो टिकवायचा तर पाइप पक्के रोवावे लागतात आणि त्यासाठी स्लॅबला भोकं पाडणं मला पटत नाही. रंगच बरा.

आता कूलर. हॉल आणि तुमची बेडरूम यांना एकेक, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसणारा. आत ठेवायचा प्लॅस्टिकचा चाकांचा घेऊ नकोस. तो खोलीतलीच हवा फिरवतो आणि तासाभरात सगळं दमट करून ठेवतो. कूलरला बाहेरची ताजी हवा लागते आणि आत आलेल्या हवेला जायला वाट लागते. माप असं: १२ बाय १४ ची खोली, दहा फूट उंची, म्हणजे ४८ घनमीटर. वरच्या मजल्यावर ही हवा दीड मिनिटात एकदा बदलायला हवी, म्हणजे ताशी दोन हजार घनमीटर. एवढी हवा बाहेर जायला समोरच्या बाजूला तीनेक चौरस फूट उघडं हवं, खिडकीची एक झडप म्हण. पुरेसं उघडं आहे का ते पडदा सांगतो. समोरच्या खिडकीचा पडदा बाहेर ओढला गेला तर ठीक. तो लोंबतच राहिला आणि दार आपोआप धाडकन लागत असेल, तर हवा कोंडतेय.

वाळ्याच्या ताट्यांचा वास कुणाला नको, पण वाळा वर्षभरात दबून खाली बसतो, मधे फटी पडतात आणि त्या फटींतून गरम झळ थेट आत येते. वुडवूल, म्हणजे लाकडाच्या किसाचं पॅड, स्वस्त, पण खाली सरकतं, आणि पाणी बदललं नाही तर त्याला मासळीसारखा वास सुटतो. मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचं हनीकोंब पॅड घे, नीट ठेवलं तर तीन-चार उन्हाळे जातं. फार तर हॉलच्या कूलरला एक ताटी वाळ्याची लाव, हौस म्हणून.

बिघाड बहुतेक वेळा वरच्या पाण्याच्या नळीत असतो. तिची भोकं क्षारांनी बुजतात, पॅडवर एक कोरडी पट्टी उमटते, आणि सगळी गरम हवा तिथूनच येते, कारण तिथे तिला अडवायला पाणी नाही. कूलरमागे उभा राहून पॅड वरपासून खालपर्यंत सारखं काळपट ओलं दिसतंय का हे आठवड्यातून एकदा बघ. भोकं सुईने मोकळी कर. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे, तेव्हा टाकी दर तीन-चार दिवसांनी पूर्ण रिकामी करायची. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहून घट्ट होत जातात. त्यातच डासांच्या अळ्यांचाही बंदोबस्त होतो. पाणी किती लागेल विचारलंस, तर भर दुपारी ताशी १५ लिटर उडतं. दहा तासांचे दीडशे लिटर एका कूलरला. टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा फ्लोट व्हॉल्व्ह नळाला बसवून टाक. आणि टाकीत बर्फ घालण्याचा उद्योग करू नका. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट एक लिटर पाणी उडताना घेतं.

एक गोष्ट मात्र हयगय न करता कर. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अर्थिंग नसलेला प्लग यांनी दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. कूलरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) बसव, पत्र्याला अर्थिंगची तार नटबोल्टने घट्ट कर, आणि टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा हा घरातल्या सगळ्यांना नियम.

एसी फक्त काकूंच्या खोलीला. स्लॅब रंगवला की दीड टन पुरतो. दोन टनांचा घेतलास तर पावसाळ्यात तो खोली झटकन गार करून मंद होईल आणि ओल तशीच ठेवील. गार पण चिकट खोली, ठाण्यात अनुभवली असशीलच. इन्व्हर्टरच (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) घे, पण वीजबचतीचे पाच तारेच हवेत असा हट्ट नको. तारे किती हे बघण्याऐवजी लेबलवरचा आयसीईईआर आकडा (तेवढ्याच विजेत किती गारवा देतो तो) आणि वर्षाची युनिटं बघ, कारण ताऱ्यांचा तक्ता मधूनमधून कडक होतो. जुलै २०२२ मध्ये झाला तेव्हा कालचा पाच तारेवाला आज चार तारेवाला झाला. लेबलवरची युनिटं १,६०० तासांची असतात. तुझा एसी कूलरमुळे ८०० तासच चालेल असं धर. दीड टनात तीन आणि पाच ताऱ्यांत लेबलवर साधारण २२० युनिटांचा फरक निघतो, तुला तो ११० चा. वरच्या टप्प्याचा दर १५ रुपये धरला तरी वर्षाला साडेसोळाशे. किमतीत सात-आठ हजारांचा फरक असेल तर तो निघायला सव्वाचार ते पाच वर्षं. वाईट नाही, पण रंगाच्या पैशातून ते काढू नकोस.

‘५२ अंशांतही चालतो’ असं लिहिलेलं असतं. चालतो, म्हणजे बंद पडत नाही एवढंच. टनाचा आकडा बाहेर ३५ अंश धरून दिलेला असतो, ४५ ला तो दहा-पंधरा टक्के उतरतो. तू बाहेरचं युनिट बाथरूमच्या डक्टमध्ये ठेवलंस तर त्याने सोडलेली गरम हवा तेच पुन्हा ओढेल आणि त्याच्यापुरते ५५ होतील. उत्तर किंवा पूर्व भिंत, मागे हातभर नाही तरी वीतभर जागा, समोर मोकळं. पश्चिमेची भिंत अजिबात नको.

बसवताना तू स्वतः हजर राहा. गॅस जातो तो बहुतेक वेळा नळीच्या फुलवलेल्या तोंडाशी, म्हणजे फ्लेअरशी. कारागिराने नळी कटरने कापावी, तोंड खाली धरून आतली कड खरडावी म्हणजे कीस आत पडणार नाही, मग नट आधी ओवून तोंड फुलवावं. फुलवलेली कड आरशासारखी गुळगुळीत आणि चहूबाजूंनी सारख्या रुंदीची दिसली पाहिजे. एक बाजू रुंद, एक चिंचोळी, किंवा केसाएवढी चीर दिसली तर कापून पुन्हा करायला सांग. त्यासाठी नळी वीतभर जास्तच घ्यायची. मग नळीतली हवा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप किमान वीस मिनिटं, पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं दाबाचा काटा हलतो का ते बघायचं. पुष्कळ जण पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा ‘काढतात’. तसं करू देऊ नकोस. एसीतला आर-३२ जळणारा वायू आहे, आणि आत राहिलेली दमट हवा काँप्रेसरच्या तेलाची वाट लावते. दोन्ही नळ्यांवर फोम हवा, एकीवरच नव्हे. शेवटी आतल्या युनिटच्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओतून ते बाहेर जातंय ना ते त्यांच्यासमोरच बघ. वायर चार चौरस मिलिमीटर तांब्याची, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच). सैल प्लग जळतो आणि दोष एसीवर जातो.

चालवताना २६ वर ठेव आणि छताचा पंखा सावकाश चालू. पंखे बदलणारच असशील तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घे. जुना ७५ वॅट खातो, हा तीसेक.

आता थंडी. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा साडेतीनवर गेला होता, पण एरवी डिसेंबर-जानेवारीतल्या तीस-चाळीस रात्रीच बोचऱ्या असतात. हॉट अँड कोल्ड एसी म्हणजे तोच एसी उलटा फिरवलेला. एका युनिटात तीन युनिटांची ऊब देतो, हीटर एकात एकच. काकूंच्या खोलीत एक किलोवॅटचा हीटर चार तास लावला तर चार युनिटं, या एसीत सव्वा-दीड. चाळीस रात्रींचे शंभरेक युनिट वाचले, म्हणजे दीड हजार रुपये. तेव्हा सरळ हिशोब: किमतीतला फरक सहा हजारांच्या आत असेल आणि आयसीईईआर कमी होत नसेल, तर काकूंसाठी घे. पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाला ती ऊब लागते. फरक जास्त असेल तर तेलाचा रेडिएटर हीटर आण. बाकी खोल्यांना थंडीसाठी काहीही नको, दाराखालच्या फटीला ब्रशची पट्टी लाव. पांढऱ्या स्लॅबमुळे थंडीत खोली अंशभर जास्त गार वाटेल, ते मान्य करूनच चालायचं. आणि काकू जुन्या सवयीने बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवत असतील तर ती आजच बंद कर, तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूचा वासही येत नाही आणि माणूस झोपेतच जातो.

ढोबळ खर्च, हजारांत: रंग आणि मजुरी पंधरा, दोन कूलर बावीस-चोवीस, एसी बसवून पंचेचाळीस. सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय. जुन्या दराचं कोटेशन दाखवलं तर हसून परत दे.

कूलरवाल्याकडे जाण्याआधी दोन्ही खिडक्यांचं माप घेऊन मला पाठव. चौकटीच्या आतून रुंदी, उंची, आणि ग्रिल किती इंच बाहेर आलेलं आहे ते. ग्रिल कापावं लागणार असेल तर ते काम मार्चआधी उरकलेलं बरं, नंतर वेल्डर सापडत नाहीत.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश